चंदनाक्का सूर्यास्तापासून उलटं मोजते

"तुलाच त्रास होईल" हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा शोधून काढलं, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. बाईला घरी बसवायला इतकं सोयीचं वाक्य दुसरं नाही. बोलणारा काळजीवाहू दिसतो, आणि ऐकणारी चिडली तर तीच कजाग ठरते. मी चिडते. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो, आणि शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत मला भांडकुदळ म्हणतात हेही मला ठाऊक आहे. म्हणू देत.

ही हकीकत माझ्या शेजारणीची, चंदनाक्काची. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तिच्या घरात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि अजून आठवलं की माझं डोकं तडकतं.

चंदनाक्का एकसष्ट वर्षांची. अंगानं किरकोळ, पण चालायला लागली की आपल्याला पळावं लागतं. बावीस वर्षं ती बस्तीतल्या, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरातल्या, बायकांच्या यात्रा काढतेय. श्रवणबेळगोळ, मूडबिद्री, कारकळ, हुमचा. एक बस, चव्वेचाळीस माणसं, एक आचारी, दोन शेगड्या आणि आक्काची वही. यात्रेतल्या सगळ्यांचा नेम असतो की सूर्य मावळायच्या आत जेवायचं, त्यानंतर अन्नाला शिवायचं नाही. पाणी गाळून घ्यायचं, कांदा-बटाटा नाही. आता हे चव्वेचाळीस माणसांना रस्त्यावर कसं जमवायचं? टूरवाल्या पोरांना विचारा, कपाळाला हात लावतील.

आक्काची रीत निराळी आहे. ती वहीचं पान खालून वर लिहिते. प्रत्येक दिवसाला एक पान. पानाच्या तळाला आधी त्या गावचा सूर्यास्त. त्याच्या वरच्या ओळीत ताटं कधी मांडायची. त्याच्या वर शेगडी कधी पेटवायची, त्याच्या वर बस कधी थांबली पाहिजे, म्हणजे तिथून कधी निघालं पाहिजे, असं चढत चढत ती सकाळच्या दर्शनाशी येते. सकाळची वेळ सगळ्यात शेवटी ठरते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी जैन नाही, पण तिच्या यात्रेत चार वेळा गेलेय, आणि दुसऱ्या वेळेपासून हसायची बंद झाले.

एकदा मूडबिद्रीहून येताना घाटात पुढं ट्रक आडवा पडला. आकाराम ड्रायव्हर म्हणाला, "आक्का, अर्ध्या तासात मोकळं हुतंय, वर जाऊन जेवूया." आक्कानं घड्याळ बघितलं नाही, सूर्य बघितला. "आकाराम, गाडी बाजूला घे." रस्त्याकडेच्या एका बंद टपरीच्या ओसरीवर शेगड्या लागल्या. पन्नास मिनिटांत भात आणि आमटी. सगळ्यांची ताटं झाली, मग आचाऱ्याचं, मग आकारामचं. शेवटी आक्का. तिनं वाढून घेतलं आणि नेहमीसारखं उभ्यानंच जेवायला लागली, एक डोळा ताटात आणि एक डोळा डोंगराच्या कडेवर. सूर्य कडेला टेकला तशी ती तोंडातला घास संपवून पाणी प्याली. ताटात अर्धा भात होता. तो ट्रक हलायला रात्रीचे नऊ वाजले. बावीस वर्षांत ही बाई यात्रेत एकदाही खाली बसून जेवलेली नाही, हे मी शपथेवर सांगते.

सहा वर्षांपूर्वी तिनं पासपोर्ट काढला. कुणीतरी परदेशातल्या मंदिरांची यात्रा काढणार होतं, ते बारगळलं. पासपोर्ट कपाटात साडीच्या घडीखाली. कधी कधी ती तो काढून कोरी पानं बघायची. मी विचारलं होतं, "तुला तिकडं काय बघायचंय गं? बर्फ?"

"बर्फ काय करायचाय. रस्ता बघायचाय मला," ती म्हणाली. "घाटात म्हणं खड्डा न्हाय, हॉर्न न्हाय. डोंगरातनं भोकं पाडून रस्ता काढल्यात. कसा काढलाय ते एकदा बसून बघायचं."

एवढीच तिची इच्छा. एवढीच.

आता ऑगस्टमधला तो रविवार. मी त्यांच्याकडे रिकामा डबा परत द्यायला गेले होते. आक्काचा मुलगा अनेकांत, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याचा मशीनशॉप आहे. जर्मनीतल्या गिऱ्हाइकानं त्याला बोलावलं होतं. त्यानं ठरवलं की दिवाळीनंतर घरच्यांनाच घेऊन जायचं, म्युनिकला उतरायचं, तिथं मोटार भाड्यानं घ्यायची आणि स्वतः चालवत आठ दिवस ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड करायचं. घरातलं कुणीच आजवर देशाबाहेर गेलेलं नव्हतं. त्यानं आराखडा रंगीत छापून आणला होता, प्रत्येक दिवसाला वेगळा रंग. वर नावं होती. अनेकांत, त्याची बायको आदिती, दोन मुली, आणि आक्काचे मालक नेमगोंडाण्णा.

मी नावं दोनदा वाचली. "आणि आक्का?"

"मम्मी न्हाय ओ बाई," अनेकांत अगदी सहज म्हणाला. "तिलाच त्रास होईल. तिचं ते उजेडात जेवण, गाळलेलं पाणी, हे चालत न्हाय ते चालत न्हाय. तिथं रस्त्यावर कुठं सांभाळायचं? आणि गाडी पाच सीटची हाय."

नेमगोंडाण्णा सोफ्यावर पाय घेऊन बसले होते. साखर कारखान्याच्या शेती खात्यातून निवृत्त झालेला माणूस, बोलणं कमी. ते म्हणाले, "थंडीबी लई असती म्हणं. हिला झेपायची न्हाय."

आदितीनं खाली बघितलं. आक्का उठून स्वयंपाकघरात गेली, कारण साडेपाच वाजले होते आणि नेमगोंडाण्णांची भाकरी टाकायची वेळ झाली होती.

होय, बरोबर वाचलंत. नेमगोंडाण्णाही सूर्यास्ताच्या आतच जेवतात. चाळीस वर्षांचा नेम, एक दिवस मोडलेला नाही. पाणी त्यांनाही गाळलेलंच लागतं, बटाटा त्यांनाही चालत नाही. पण त्यांचा तो नेम आणि हिचा तो त्रास. कारण त्यांच्या नेमाचा त्रास त्यांना कधी झालाच नाही, तो पोळपाटापाशी उभं राहून दुसरंच कुणीतरी सोसत होतं. मी अनेकांतला विचारलं, आणि आवाज चढवूनच विचारलं, की मग आण्णांचं तिथं कसं करणार?

"त्याचं काय, मम्मी देईल की सगळं बांधून," तो म्हणाला. मग आत वळून ओरडला, "मम्मी, आण्णांच्या खाण्याचं तेवढं तू बघशील न्हवं? प्लॅनवरबी एक नजर टाक. तुला अनुभव हाय."

अनुभव हाय! बाईचा अनुभव पाहिजे, बाई नको. मी डबा तिथंच आपटून घरी आले. झाकण वाकडं झालं, ते अजून बसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का तो रंगीत कागद आणि वही घेऊन माझ्याकडे हजर. माझ्याकडे कॉम्प्युटर आहे म्हणून. मी तिला फाडफाड बोलले. "तुला लाज नाही वाटत? तुला टाकून निघालेत आणि तू त्यांचा रस्ता आखतेस?"

तिनं वही उघडली. "पाच माणसं माझ्या घरातनं भाईर पडणार. वाटंत त्यांची आबाळ झाली तर नाव कुणाचं जाणार? लाव ते कॉम्प्युटर."

मला इतका राग आला की मी चहाही विचारला नाही. पण कॉम्प्युटर लावला.

तीन दुपारी आम्ही बसलो. अनेकांतचा आराखडा म्हणजे रंगरंगोटी होती. पहिल्याच दिवशी, कोल्हापूरहून मुंबई आणि मुंबईहून विमान असा दीड दिवसाचा प्रवास करून उतरल्यावर, लगेच चारशे तीस किलोमीटर मोटार. मी नकाशा दाखवला, "पाच तास दाखवतोय."

"गूगलला लघवीला उतराय लागत न्हाय," आक्का म्हणाली. "ह्येंचं गुडघं, दोन पोरी. पाचाचं आठ धर." आणि तिनं तो दिवस चाकूनं कापल्यासारखा अर्धा केला. तिसऱ्या दिवशी चार गावं होती, तिनं दोन ठेवली. मग म्हणाली, "आता रोजचा सूर्यास्त सांग. खालनं लिव्हायचंय."

अनेकांतनं सूर्यास्त एकदाच कुठंतरी बघितला होता आणि आठही दिवसांच्या रकान्यात 'आण्णा जेवण ५.३०' असं ठोकून दिलं होतं. मी गावागावाचे वाचायला लागले. शुक्रवार, सहा वाजून दोन मिनिटं. शनिवार, सहा. रविवार, चार अठ्ठावन्न.

आक्काचा पेन थांबला. "परत वाच."

"रविवार. चार अठ्ठावन्न."

"शुक्रवार ते शनवार दोन मिनटं कमी झाली. आणि शनवार ते रविवार तासभर? सूर्य असा एका दिवसात तासभर पळतोय व्हय गं? बावीस वर्षं बघतोय मी. तुज्या कॉम्प्युटरला काय तर झालंय."

मी पण चक्रावले. मग शोधलं आणि माझीच मला चीड आली. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळी घड्याळं एक तास मागं घेतात. शनिवारचे संध्याकाळचे सहा ते रविवारी पाच होतात. तीस वर्षं भूगोल शिकवून माझ्या हे लक्षात आलं नाही, अनेकांतच्या रंगीत कागदाच्या तर गावीही नव्हतं, आणि आक्काला ते वहीच्या तळाशी सापडलं, कारण ती तळापासून लिहिते.

"म्हंजे रविवारपास्नं पुढं पाचच्या आत अंधार," ती म्हणाली. "सोमवारी काय हाय ह्येचं?"

सोमवारी निळा रंग होता. दुपारी साडेतीनला निघायचं, सव्वापाचला घाटमाथ्यावर फोटो, मग 'आण्णा जेवण', मग घाट उतरायचा. म्हणजे जन्मात पहिल्यांदा रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवणारा माणूस, अनोळखी डोंगर, गाडीत दोन लहान मुली, आणि मिट्ट काळोख. आणि नेमगोंडाण्णा उपाशी. आक्का बराच वेळ त्या निळ्या चौकोनाकडे बघत होती. मग तिनं नवीन पान घेतलं, तळाला चार छप्पन्न लिहिलं आणि वर चढत गेली. घाट सकाळी अकराच्या आत पार.

चौथ्या दिवशी तिनं ते घरी दाखवलं. मी बरोबर गेले, बोलावलं नव्हतं तरी गेले. अनेकांत आधी हसला. "मम्मी, मोबाइलचं घड्याळ आपोआप बदलतंय. त्याचं काय टेन्शन न्हाय."

"घड्याळ बदलतंय रं. अंधार बदलतोय का?" आक्का म्हणाली.

त्यानं मोबाइल काढला, सोमवारचा सूर्यास्त बघितला, निळा चौकोन बघितला. त्याचं हसू गेलं. नेमगोंडाण्णा पुढं सरकले. "म्हंजे त्या दिवशी माझं जेवण?"

"मला काय माहीत," आक्का म्हणाली. "गाडीत मी कुठं हाय?"

मग अनेकांतला एकदम सुचल्यासारखं झालं. "मग मम्मी, तू पण चल की! सात सीटची गाडी घेऊ. आण्णांचं खाणंपाणी तुझ्याकडं. सगळाच प्रश्न मिटला."

मी टाळी वाजवणार होते. खरंच सांगते, दोन्ही हात वर गेले होते. तेवढ्यात आक्का म्हणाली,

"स्वैपाकीण पायजे असंल तर यात्रेचा आचारी न्या. त्येचा हात माझ्यापेक्षा बरा हाय. पासपोर्ट तेवढा काढा त्येचा."

आणि वही मिटून तिनं कमरेला लावली. "मी माणूस म्हणून येणार असंल तर बोलवा. न्हायतर पाचजणं जावा. चिवडा, खाकरा बांधून देतो."

अनेकांत म्हणाला, "असं काय करतीस मम्मी, एवढं चांगलं बोलावतोय." बघा! म्हणजे आता तीच अडेलतट्टू. तिनं तो घाट सकाळवर घेतला नसता तर हे पाचजण अंधारात कुठल्या वळणावर बसले असते देव जाणे, आणि तिनं एक गोष्ट मागितली तर असं काय करतीस. मी तिथंच तोंड सोडलं. काय काय बोलले ते आठवत नाही, पण गल्लीच्या टोकाच्या गिरणीपर्यंत ऐकू गेलं असं मागाहून कळलं.

पुढचे आठ दिवस त्या घरात शुकशुकाट. भाकरी वेळेवर होत होती, पण बोलणं नाही. मध्येच अनेकांतनं नात्यातल्या ग्रुपवर 'आमचा युरोप प्लॅन' म्हणून आक्काची पानं रंगीत करून टाकली. साठेक अंगठे आले. वाह अनेकांत, काय नियोजन, काय बारकाई. आक्कानं मला ते मोबाइलवर दाखवलं तेव्हा मी तिथंच लिहायला घेतलं होतं. तिनं फोन काढून घेतला. "ऱ्हाऊ दे. पानं तर बरोबर हायती."

नवव्या दिवशी दुपारी माझी बेल वाजली. दारात नेमगोंडाण्णा. एकटे. हा माणूस तीस वर्षांच्या शेजारात माझ्या घरात दोनदा आलाय, दोन्ही वेळा मीटरची फ्यूज गेली म्हणून. चपला काढून आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले. हातात शाळेची नवी वही होती.

"बाई," ते म्हणाले, "तो सूर्यास्त कुठं बघायचा असतोय, मला दावा."

मी त्यांना चांगलं सुनावणार होते. चाळीस वर्षांचं एकदम. पण त्यांनी वही उघडली तर पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच रविवार लिहून आणला होता. वरून खाली. सकाळी आठ निघणे, दहा किल्ला, एक जेवण, चार तळं, आणि खाली येईपर्यंत संध्याकाळचं जेवण अंधारात गेलं होतं. तीनदा खोडून तीनदा लिहिलेलं, तीनही वेळा अंधारात.

"बसंना झालंय," ते म्हणाले. "हिचं कसं बसतंय?"

"खालून लिहिते ती," मी म्हटलं. "इतकी वर्षं जेवताय, कधी बघितलं नाहीत?"

त्यांनी मान हलवली. नाही. मी सुनावायचं सोडलं नाही, पण सुनावत सुनावत शिकवलं. तासाभरात त्यांचं एक पान जमलं. सगळ्यात खाली चार अठ्ठावन्न, त्याच्या वर ताटं, त्याच्या वर त्यांनी लिहिलं, 'उप्पीट. नेमगोंडा.' मग मान वर न करता मला विचारलं की उप्पीटाला पाणी किती घालतात. मी म्हटलं, ते ज्यांना माहीत आहे त्यांना विचारा, घरातच आहेत.

ते गेले. नंतर काय झालं ते आक्कानं सांगितलं. त्यांनी वही तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "बघ, बरोबर हाय का. वाटंतलं सगळं मी करणार. तू नुस्ती ये." आक्कानं पान वाचलं, दुरुस्त काही केलं नाही. फक्त विचारलं, "खिडकी कुणाची?"

"तुझी," ते म्हणाले.

त्या रात्रीच्या जेवणाआधी, म्हणजे तुमच्या-माझ्या संध्याकाळी, त्या माणसानं स्वतःच्या हातानं पाणी गाळलं. फडकं उलटं धरलं होतं. आदितीनं कुणाला न विचारता गाडी बदलून सात सीटची घेतली. अनेकांतला मग कळवलं. आणि व्हिसाच्या कागदांवर सहावं नाव चढलं.

भाऊबीज झाल्यावर ती निघाली. मुंबईच्या गाडीत खिडकीशी बसलेली, अंगावर लेकाचं जुनं जाड जाकीट. वही तिच्या मांडीवर नव्हती. मागच्या सीटवर नेमगोंडाण्णांच्या मांडीवर होती आणि ते ती दोन्ही हातांनी धरून बसले होते. मी अनेकांतला म्हटलं, "ग्रुपवर नाव कुणाचं टाकलंयस ते आल्यावर बघू." तो ओशाळला, पण टाकलं नाहीच. मी विसरलेली नाही.

सोमवारच्या घाटाचा तिचा निरोप मी मंगळवारी सकाळी ऐकला. आवाज वाऱ्यानं फाटत होता. "संयोगिता, घाट बघितला बघ. सकाळीच. डोंगराच्या पोटातनं रस्ता, दिवं लावल्यात आत, एक खड्डा न्हाय. पोरगं नीट चालवतंय." मग थोडा वेळ नुसता वारा. "ह्येंनी उप्पीट केलतं. मुक्कामाच्या खोलीत, सव्वाचारला. मीठ लई पडलंतं. काय बोल्लो न्हाय मी. ताट आणून हातात दिलं ह्येंनी. सूर्य हुता अजून, कुणाचं वाढायचं ऱ्हायलं न्हवतं."

पुन्हा वारा.

"बसून खाल्लं गं."